राबत्या लोखंडाचा ताप

कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडला तो रविवार होता, १५ जून २०२५. मावळात पाऊस लागला होता, इंद्रायणी भरून चालली होती आणि पुण्या-पिंपरीकडची माणसे नेहमीप्रमाणे पाणी बघायला आली होती. तीस वर्षांहून जुना, पायी जाण्यापुरता अरुंद पूल. त्यावर एकाच वेळी शंभराच्या घरात माणसे आणि वर दुचाक्या. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे आधीपासून लावलेला होता.

त्यानंतर जुन्या पुलांच्या स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी झाली. दर अपघातानंतर ती होतेच, आणि मला त्या मागणीबद्दलच बोलायचे आहे. ऑडिट हवे, यात वाद नाही. पण आपल्याकडे ऑडिट बहुतेक वेळा पूल रिकामा असताना होते. अभियंता येतो, रंगाचे पोपडे खरवडतो, गंज किती खोल गेलाय ते बघतो, रिव्हेट आणि वेल्डवर हातोडी मारतो, फोटो काढतो, अहवाल लिहितो. हे सगळे मोलाचे काम आहे. तरी रविवारी दुपारी गर्दी अंगावर घेऊन तो पूल काय सोसतो, हे मंगळवारी सकाळी मोकळ्या पुलावर उभे राहून कळत नाही. लोखंड थकते ते काम करताना. म्हणून त्याची परीक्षाही ते काम करत असतानाच व्हायला हवी, आणि त्यासाठी आज हाताशी असलेल्या मापांपैकी तापमानाचे माप आपण सर्वांत जास्त दुर्लक्षिलेले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कुंडमळ्याचा पूल धातूच्या थकव्याने पडला असे मी म्हणत नाही. तिथे गंज आणि गर्दी ही दोन कारणे उघड्या डोळ्यांना दिसत होती. पण गंज आणि वारंवार पडणारा भार एकत्र आले की काय होते, तो याच विषयाचा सर्वांत वाईट भाग आहे. त्याकडे पुढे येतो.

थकवा म्हणजे काय, हे एका तारेने कळते. जाडसर तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार त्याच जागी पाच-सात वेळा उलटसुलट वाकवा आणि ती जागा लगेच ओठाला लावून बघा. ती गरम लागते. आणखी काही वेळा वाकवली की तिथेच तुटते. आधी गरम होते, मग तुटते, हा क्रम महत्त्वाचा. पुलाचा गर्डर किंवा रेल्वेचा अ‍ॅक्सल तारेसारखा डोळ्यांना दिसेल इतका वाकत नाही. त्याच्यावर येणारा ताण त्याला एका झटक्यात तोडणाऱ्या ताणाच्या कितीतरी खाली असतो. पण तो लाखो वेळा येतो. धातूच्या सूक्ष्म कणांमध्ये काही थर एकमेकांवरून किंचित घसरतात, मागे येताना पूर्ववत होत नाहीत, आणि त्या घसरणीच्या रेघांतूनच भेग जन्म घेते. युइंग आणि हम्फ्री यांनी १९०३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिले. घसरण झाली की घर्षण होते, घर्षण झाले की उष्णता निघते. म्हणजे भेग दिसण्याच्या कितीतरी आधी धातू तापायला लागलेला असतो.

हा विषय जगात रेल्वेनेच उभा केला. १८४२ मध्ये व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटून पन्नासहून अधिक माणसे मेली, आणि चांगल्या घडणीचे लोखंड विनाकारण कसे तुटते या प्रश्नाने युरोपचे अभियंते हैराण झाले. जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने पुढे वर्षानुवर्षे अ‍ॅक्सल यंत्रावर फिरवून तोडले आणि १८७० पर्यंत एक गोष्ट पक्की केली: ताण जितका कमी, तितके फेरे जास्त टिकतात, आणि पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखाली ताण ठेवला तर ते तुटतच नाही. या मर्यादेवर आजचे निम्मे यंत्रशास्त्र उभे आहे.

आता हे फेरे लोणावळ्याच्या हिशेबात मोजून बघू. गाडीचा अ‍ॅक्सल डब्याच्या वजनाने खाली वाकलेला असतो आणि त्या वाकलेल्या स्थितीतच फिरतो. म्हणून चाकाच्या दर फेऱ्याला त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. प्रवासी डब्याच्या चाकाचा परीघ तीन मीटरच्या आत. कर्जत ते लोणावळा हा अठ्ठावीस किलोमीटरचा बोरघाट चढताना चाक साधारण साडेनऊ हजार वेळा फिरते. मुंबई-पुणे एका खेपेत पासष्ट हजारांच्या वर. प्रयोगशाळेत अ‍ॅक्सलच्या पोलादाची परीक्षा ज्या एक कोटी फेऱ्यांपर्यंत घेतात, ते एक कोटी फेरे रोज जाऊन-येऊन करणाऱ्या डब्याचे अडीच महिन्यांत पुरे होतात. तो डबा त्यानंतर वर्षानुवर्षे धावतो. आपण खिडकीतून धबधबे बघत असतो, तेव्हा खाली हे चाललेले असते.

बोरघाटाने तर उष्णतेचा प्रश्न पहिल्या दिवसापासून पाहिलेला आहे. १८६३ मध्ये हा चढ खुला झाला तो सदतीसला एक अशा उभ्या उताराचा. आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात आणि लोणावळ्याला सुटतात. चढण्यापेक्षा उतरणे कठीण. ब्रेकचे ठोकळे चाकाच्या कडेवर घासत राहिले की कड तापते, थंड होते, पुन्हा तापते, आणि त्या तापण्या-निवण्यानेच चाकाच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. म्हणून १९२८ च्या सुमारास जी विजेची इंजिने या घाटासाठी आली, ज्यांना रेल्वेची माणसे खेकडा म्हणत, त्यांत उतरताना मोटारीच वीज निर्माण करून गाडी आवरतील अशी सोय होती. उताराची ऊर्जा चाकाच्या कडेत ओतण्याऐवजी तारेत परत घालायची. घाटाच्या अभियंत्यांना उष्णता शत्रू म्हणून चांगली ओळखीची होती. तिला साक्षीदार म्हणून बोलावण्याची कला मात्र वेगळ्याच वाटेने आली.

ती वाट बॉयलरची आहे. मँचेस्टरमध्ये वाफेच्या बॉयलरची तपासणी करणाऱ्या संस्थेचा मुख्य अभियंता स्ट्रोमायर याने १९१४ मध्ये एक साधी युक्ती केली. नमुन्यावर उलटसुलट भार टाकत असताना त्याच्यावरून पाणी वाहू दिले आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक मोजला. ताण वाढवत गेल्यावर एका टप्प्यापासून पाणी कोमट यायला लागले. तीच त्या धातूच्या थकव्याची मर्यादा, असे त्याने मांडले. नमुना तोडायची गरजही पडली नाही. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती एखाद्या विद्यापीठातल्या सिद्धांतातून निघालेली नाही. उद्या कोणता बॉयलर फुटेल याची ज्याला रोज चिंता होती, अशा माणसाने ती काढली.

पाण्याच्या जागी इन्फ्रारेड कॅमेरा यायला त्यानंतर पाऊण शतक गेले. आज हा प्रयोग कसा दिसतो ते सांगतो. मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशी हातभर लांबीची पोलादी पट्टी. तिला काळा, चमक नसलेला रंग फासलेला, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि समोर उभ्या माणसाच्या अंगाची उष्णता आरशासारखी परत दाखवतो. पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरलेली, सेकंदाला तीस वेळा ओढली-दाबली जाते. समोर कॅमेरा. सुरुवातीला पडद्यावरचे चित्र एकरंगी असते. भार एक पायरी वाढवला, काही हजार फेरे गेले, तापमान जरासे चढून स्थिर झाले. आणखी एक पायरी, पुन्हा जरासे. मग एका पायरीला ते एकदम काही अंशांनी चढते आणि नव्या उंचीवर स्थिर होते. आलेख मोडतो ती जागा म्हणजे मर्यादा. त्या वरच्या भारावर यंत्र चालूच ठेवले तर तापमान बराच काळ सपाट राहते आणि शेवटी पट्टीच्या एकाच बिंदूवर झपाट्याने वाढते. थोड्याच वेळात पट्टी तिथेच तुटते. जुन्या पद्धतीत एका नमुन्याचे एक कोटी फेरे याच वेगाने पुरे करायला जवळजवळ चार दिवस लागतात आणि असे वीस-पंचवीस नमुने लागतात. या पद्धतीत एक नमुना आणि एक दुपार. फ्रान्समध्ये लुओंग यांनी आणि सिसिलीत रिसितानो व ला रोझा यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत पक्की केली. ती दर वेळी जुन्या पद्धतीशी तंतोतंत जुळते असे नाही, धातूनुसार फरक पडतो. पण अंदाज म्हणून ती उत्तम आहे.

यावर कोणीही जाणता अभियंता म्हणेल की प्रयोगशाळेतली पट्टी आणि मावळातला पूल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बरोबर आहे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे.

धातू ताणला की किंचित थंड होतो, दाबला की किंचित गरम. हे नुकसानीमुळे होत नाही, धडधाकट धातूतही होते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५० च्या दशकात त्याचा नियम मांडला. पोलादाचा हिशेब केला तर एक मेगापास्कल ताणाला अंशाचा सुमारे हजारावा भाग. पुलाखालच्या एखाद्या सांध्यात माणसांच्या किंवा वाहनांच्या जाण्याने तीस-चाळीस मेगापास्कलचा फरक पडला, तर तापमान हलणार अंशाच्या शंभराव्या भागांत तीन-चार. आणि त्याच पुलावर ऊन आले तर तापमान सहज दहा अंशांनी चढते. मग हा कणभर बदल दिसणार कसा?

तो दिसतो, कारण ऊन सावकाश चढते आणि भार झटक्यात येतो-जातो. कॅमेरा सेकंदाला अनेक चित्रे घेतो आणि पुलावर बसवलेला ताणमापक त्याच क्षणी भार किती हे सांगतो. भाराच्या ठेक्यावर जे तापमान हलते तेवढेच निवडायचे, बाकीचे सोडून द्यायचे. पुरेसा वेळ हे केले की उन्हाच्या दहा अंशांतून तो शंभरावा भाग वेगळा होतो. जपानमध्ये साकागामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू वाहतुकीखालच्या पोलादी पुलांवर अशी मापे घेतली आहेत. उन्हाचाही त्यांनी उपयोग करून घेतला: वरचा पत्रा तापला की उष्णता वेल्डमधून खाली उतरते, आणि वेल्डला आरपार भेग असेल तर ती तिथे अडते, भेगेच्या दोन बाजूंना वेगळे तापमान दिसते. यासाठी वाहतूक थांबवावी लागत नाही. थांबवली तर उलट काही दिसणारच नाही. मला सांगायचे आहे ते हेच.

अल्ट्रासाऊंडने हे काम होत नाही का? रेल्वे रूळ त्यानेच तपासते, आणि ते यंत्र काढून टाका असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण अल्ट्रासाऊंडला भेग असावी लागते, आणि ती कुठे शोधायची हे आधी ठाऊक असावे लागते. पुलाला शेकडो सांधे. भार अंगावर असताना घेतलेले तापमानाचे चित्र कोणत्या सांध्यावर ताण एकवटतो आहे ते दाखवते, मग तो नकाशात कुठेही असो. गंजलेला एखादा गर्डर काम करेनासा झाला की त्याचा वाटा शेजारच्याच्या डोक्यावर जातो. कागदावरच्या गणितात दोघे सारखे असतात; प्रत्यक्षात एक आळशी आणि दुसरा दुप्पट राबणारा. चालू पुलावर हे उघड होते. रिकाम्या पुलावर दोघेही शांत उभे असतात.

मुंबईत १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल कोसळला. तो ऑडिटमधून गेलेला होता आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून वापराला योग्य ठरलेला होता. ऑडिट करणाऱ्यांच्या सचोटीचा प्रश्न वेगळा, न्यायालयाचा. पण सचोटीने केलेले ऑडिटही पूल विश्रांती घेत असताना झाले, तर त्याने काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

आता गंजाकडे येतो. व्होलरने जी मर्यादा शोधली, जिच्याखाली पोलाद कितीही फेरे टिकते, ती कोरड्या हवेतली मर्यादा आहे. ओलाव्यात गंजत असताना त्याच पोलादावर भार येत-जात राहिला तर ती मर्यादाच नाहीशी होते. ताण कितीही कमी ठेवा, पोलाद आज ना उद्या तुटते. फक्त वेळ जास्त लागतो. गेल्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतच हे सिद्ध झाले. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने लोखंड सुकत नाही. पुस्तकातल्या कोरड्या आकड्यावर इथल्या पुलाचे आयुष्य ठरवणे म्हणजे डोळे मिटून घेणे आहे. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी पडला आणि ४६ माणसे गेली. कारण निघाले ते साखळीच्या एका दुव्यातली, जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीची, गंज आणि ताण यांनी मिळून वाढवलेली भेग.

त्या भेगेपुढे इन्फ्रारेड कॅमेराही हतबल ठरला असता. ती दुव्याच्या आतल्या अंगाला, सांध्याने झाकलेल्या जागी होती. कॅमेऱ्याला दिसतो तो फक्त पृष्ठभाग, आणि तोही समोर असेल तर. वाहत्या पाण्यापुढेही त्याचे काही चालत नाही. लोणावळ्याच्या वळवण तलावाचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात १९१५ पासून पडते आहे. तिथल्यासारख्या पेल्टन चक्राची प्रत्येक वाटी दर फेऱ्याला पाण्याच्या झोताचा तडाखा खाते, थकव्याचे याहून शुद्ध उदाहरण नाही. पण चालू चक्रावरचे पाणी सगळी उष्णता धुऊन नेते. तिथे चक्र थांबवूनच भेगा शोधाव्या लागतात. मुसळधार पावसात पुलावरही हेच होईल. म्हणजे मावळात मापे घ्यायची ती पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आणि दोन्हींची तुलना करायची.

याच कारणाने मी एकेका तपासणीपेक्षा नोंदीच्या मालिकेला जास्त किंमत देतो. पूल नवा असताना, ठरावीक वजनाची गाडी ठरावीक वेगाने नेऊन, त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या सांध्याचे तापचित्र एकदा घेतले पाहिजे. पुढे दर वर्षी तीच गाडी, तोच वेग, तीच जागा. बदल झाला की विचारायचे, का झाला. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाच्या मिसिंग लिंक प्रकल्पात लोणावळ्याजवळच्या खोल दरीवर केबलवर तोललेला पूल बांधला आहे. घाटातला वारा त्या केबलना लक्षावधी वेळा हलवणार आहे, आणि केबलचा थकवा तिच्या टोकाच्या जखडणीपाशी सुरू होतो. तिथली पहिली नोंद कोणी घेतली आहे का, आणि ती कुणाच्या ताब्यात आहे, हे तो रस्ता वापरणाऱ्या नागरिकाने विचारले पाहिजे.

खर्चाचे म्हणाल तर तो अडसर पूर्वीइतका राहिलेला नाही. एकेकाळी या कामाला द्रव नायट्रोजनने गार केलेले महागडे कॅमेरे लागत. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण संशोधन संस्थेने विमानांच्या थकवा-चाचण्यांत दाखवून दिले की गार न केलेला, कितीतरी स्वस्त कॅमेराही पुरेसा वेळ मापे घेतल्यास चालतो. माणसांचीही उणीव नाही. लोणावळ्यात १९४५ पासून आयएनएस शिवाजीवर नौदलाचे सागरी अभियंते घडतात. चालू इंजिनाच्या तापमानावरून त्याची प्रकृती ओळखणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय आहे. रेल्वेकडेही ती सवय आहे. गाडी स्थानकात शिरत असताना, चाके फिरत असतानाच, टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारे लोक, बाजूला बसून तिचे आवाज ऐकतात आणि थांबल्याबरोबर अ‍ॅक्सल बॉक्सचा ताप बघतात. पूर्वी हाताने, आता इन्फ्रारेड गनने. तो ताप बेअरिंगचा, थकव्याचा नव्हे, पण पद्धत तीच: काम करत आलेल्या वस्तूला कामाच्या खुणा अंगावर असतानाच तपासायचे. हीच शिस्त पुलांच्या बाबतीत का नसावी?

त्यासाठी ग्रामपंचायतीच्या साकवापासून महामार्गाच्या पुलापर्यंत दोन गोष्टी ठरवाव्या लागतील. पहिली, मापे भार चालू असताना घेतली गेली, हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे, किती माणसे किंवा किती टन होते त्या आकड्यासह; आणि तो अहवाल तलाठी कार्यालयात कोणालाही वाचता आला पाहिजे. दुसरी अधिक अवघड आहे. कुंडमळ्याला फलक होता. धोका माहीत होता, तरी पूल उघडा होता, कारण पलीकडच्या वस्तीला तोच जवळचा रस्ता होता आणि तो बंद करण्याची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर नव्हती. कॅमेऱ्याने सांध्यावर लाल ठिपका दाखवला, तर त्याच दिवशी पुलाला साखळी लावण्याचा अधिकार तपासणाऱ्या अभियंत्याला लेखी दिलेला असला पाहिजे, आणि वस्तीसाठी पर्यायी वाट त्या आदेशातच नमूद असली पाहिजे. तालुक्यातल्या प्रत्येक लोखंडी पुलाच्या नावापुढे त्या अभियंत्याचे पद पुढच्या पावसाळ्याआधी लिहून झाले पाहिजे.